यादीत नसलेली जस्ताची कांडी

कोल्हापूर सोडताना मी केलेल्या यादीत एकशे चौदा वस्तू होत्या. ती यादी अजून माझ्याजवळ आहे. पहिल्या क्रमांकावर लेथ, दुसऱ्यावर लेथचा चक, तिसऱ्यावर आबांचा माप घ्यायचा कॅलिपर, आणि अगदी शेवटी 'कांदा-लसूण चटणी, दोन डबे (एक सांडला तर दुसरा)'. प्रत्येक वस्तूपुढे दोनदा खूण आहे. एक उद्यमनगरात ट्रक भरताना केलेली आणि दुसरी बेटावरच्या धक्क्यावर उतरवताना. एकही वस्तू हरवली नाही. मला त्याचा फार अभिमान होता.

त्या यादीत जस्त नव्हतं.

मासिकाच्या अंकासाठी लिहा म्हणून फोन आला तेव्हा संपादकबाई म्हणाल्या, "निळं पाणी, नारळाची झाडं, नवा धंदा असं छान येऊ द्या." निळं पाणी येईल. नारळही येतील. पण मला सांगायचं आहे ते जस्ताचं, आणि ते छान आहे की नाही हे वाचणाऱ्यांनी ठरवावं.

आधी आमचं काम काय ते सांगते. कुंभाराच्या चाकावर माती फिरते, तसा लेथच्या चकात पकडलेला धातू फिरतो. बाजूनं धारदार टूल लावायचं आणि फिरता धातू हवा तेवढा कातून काढायचा. इंजिनाचा कुठलाही गोल भाग, बुश, पिन, शाफ्ट, बोल्ट, असा तयार होतो. माझ्या वडिलांची, आबांची, उद्यमनगरात, कोल्हापुरातल्या कारखान्यांच्या वस्तीत, पत्र्याची शेड होती. शेतातल्या पाण्याच्या इंजिनांची दुरुस्ती तिथं चालायची. मला भाऊ नाही. बारावीनंतर मी शेडमध्ये हिशेबाच्या वह्या लिहायला म्हणून बसले आणि दोन वर्षांत लेथवर उभी राहिले. बाजीराव कागलहून यायचे, आबांकडे मिस्त्री होते. पुढे आमचं लग्न झालं. तेव्हापासून वाटणी ठरलेली आहे: इंजिन उघडायचं त्यांनी, भाग कातायचा मी, आणि याद्या करायच्या त्याही मी.

आबांचं एकच तत्त्व होतं. "आपल्या शेडातनं गेलेलं काम वळून आलं की समजायचं, आपण चुकलो." एखादा शेतकरी सहा महिन्यांनी तेच इंजिन घेऊन आला की आबा जेवायचे नाहीत. खरंच. डबा तसाच परत जायचा. उद्यमनगरातल्या जुन्या लोकांत ही गोष्ट आम्हा सगळ्यांच्या अंगात आहे. जो भाग झिजतो तो वाईट, जो वर्षानुवर्षं तसाच राहतो तो चांगला. दुसरा एक रिवाज असा की काढलेला जुना भाग गिऱ्हाइकाला दाखवायचा आणि परत द्यायचा. त्यानं नको म्हटलं तर नाव लिहून डब्यात ठेवायचा. हा रिवाज लक्षात ठेवा, पुढे लागेल.

गाव का सोडलं? शेतातली डिझेल इंजिनं गेली, विजेच्या मोटारी आल्या. मोठी कामं संगणकावर चालणाऱ्या यंत्रांकडे गेली. आमच्या दारात आठवड्याला दोन-तीन माणसं यायला लागली, त्यातला एक पत्ता विचारणारा. माझा मावसभाऊ अंदमानात सरकारी नोकरीत होता. तो म्हणाला, "ताई, इथं एका बेटावर पन्नासेक बोटी हायत आणि लेथ एक बी न्हाय. बोल्ट मोडला तर जहाजानं यायला महिना लागतोय." मी जाऊन आले, चार दिवस धक्क्यावर वही घेऊन बसले, किती बोटी कशासाठी बंद आहेत ते लिहिलं. एकोणीस बोटी बंद होत्या. परत येऊन बाजीरावांपुढे वही ठेवली.

ते बराच वेळ वाचत बसले. मग म्हणाले, "पोहायला येतंय काय तुला?"

"न्हाय."

"मला बी रंकाळ्यापुरतंच येतंय."

याला आमच्याकडे होकार म्हणतात.

माझ्या मोठ्या जाऊबाईंनी मात्र गल्लीला ऐकू जाईल असं विचारलं, "काळ्या पाण्याला लोकं गुन्हा करून जात्यात. तुम्ही काय करून चाललाय गं?" मी म्हटलं, "लेथ चालवून." तेव्हा सगळे हसले. पुढे सात-आठ महिन्यांनी मला ते वाक्य आठवलं आणि हसू आलं नाही.

बेटाचं नाव मी सांगत नाही. लहान जागा आहे, सगळे सगळ्यांना ओळखतात. दुसऱ्या एका बेटावरून तिथं बोटीनं जावं लागतं. बंगाली, तमिळ, तेलुगू, रांचीकडची अशी कुटुंबं तीन पिढ्यांपासून तिथं आहेत आणि सगळे एकमेकांशी हिंदीत बोलतात, प्रत्येकाची हिंदी वेगळी.

पोचल्यावर मी वहीत एक नवं पान सुरू केलं: 'धक्के'. त्यातले काही असे. एक: संध्याकाळी कातून ठेवलेला चकचकीत शाफ्ट सकाळी तांबूस झालेला. कोल्हापुरात महिना जातो याला. दोन: चटणीचा पहिला डबा पंधरा दिवसांत पांढरा पडला, बुरशीनं. बाजीराव त्या दिवशी आबांसारखे न जेवता उठले. तीन: भूकंप. चहा कपात हलला, मी ओरडले, समोरचा गिऱ्हाईक म्हणाला, "छोटा है दीदी, बैठिए." चार: आम्ही सवयीनं सोमवारी शेड बंद ठेवली आणि रविवारी उघडली. उद्यमनगराची सुट्टी सोमवारची. सोमवारी दारात सहा माणसं येऊन परत गेली.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. एका आजींनी नारळ खोवायची विळी आणली, दाते नवे करून द्या म्हणाल्या. तीच विळी त्यांच्या आईनं बोटीतून येताना आणली होती. एक गृहस्थ बँडमधला पितळी कर्णा घेऊन आले, त्याचं तोंड चेपलं होतं. लग्न दुसऱ्या दिवशी. मी ते तोंड सरळ करून दिलं तर त्यांनी शेडमध्येच उभं राहून वाजवून दाखवलं. बाजीरावांना म्हणाले, "आपके लिए एक गाना?" बाजीराव म्हणाले, "नको पावणं, हितं आधीच आवाज लई हाय." त्यांना कळलं नाही, त्यांनी वाजवलं.

पण खरं काम बोटींचं. तिकडे लाकडी बोटीला डुंगी म्हणतात. तिच्यात डिझेल इंजिन असतं, आणि इंजिन थंड ठेवायला कूलर. कूलर म्हणजे तांब्याच्या बारीक नळ्यांचा जुडगा. नळ्यांच्या आतून समुद्राचं खारं पाणी फिरतं, बाहेरून इंजिनाचं गोडं पाणी. खारं पाणी गोड्याची उष्णता घेऊन परत समुद्रात जातं. दोन्ही पाणी एकमेकांत मिसळता कामा नये. शेतातल्या इंजिनाला हा प्रकार नसतो. तिथं विहिरीचं पाणी, तेही गोडं.

पहिली डुंगी आली ती सेल्वमची, मासे धरणाऱ्याची. बाजीरावांनी कूलर उघडला, आणि त्याच्या झाकणातून एक बोल्ट काढून माझ्या हातात दिला. बोल्टच्या आतल्या टोकाला करड्या धातूची कांडी होती. कसली कांडी! किडलेल्या दातासारखी. खड्डे पडलेले, पांढरी पूड सुटलेली, अर्धी नाहीशीच झालेली.

"हे काय हाय?" मी विचारलं.

"जस्त दिसतंय," बाजीराव म्हणाले. "सेल्वम म्हणतोय, दर चार-सहा महिन्याला नवी घालावी लागती. चेन्नईवरनं मागवत्यात."

दर सहा महिन्यांनी! मला रागच आला. असला कसला भाग, जो सहा महिन्यांत कुजतो, आणि लोक मुकाट्यानं पुन्हा तोच घालतात? मी आटे मोजले, पितळेचा एक गज घेतला, आणि कांडी नसलेला नुसता भक्कम प्लग कातला. आटे असे बसले की हातानं फिरवताना लोण्यासारखे गेले. पितळ गंजत नाही. आयुष्यभराचं काम. वहीत लिहिलं: 'कूलरची कांडी काढून पितळी प्लग बसवला. पुन्हा बदलण्याची गरज नाही.'

दोन महिन्यांत आठ बोटींना मी तसे प्लग बसवले. लोक खूष होते. कोल्हापुरची बाई कायमचं काम करून देते, असं धक्क्यावर बोललं जायला लागलं.

फक्त एका माणसानं विचारलं. निताईदा. साठीचे, बारीक, बंगाली. त्यांची माणसं नेणारी डुंगी होती. मधली खाडी ओलांडून मोठ्या बेटावर जायला-यायला गावाला तीच एक रोजची बोट. मी रिवाजाप्रमाणे काढलेली जुनी कांडी त्यांना परत दिली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली.

"दीदी, ये काहे निकाला?"

"सड़ गया था."

"वो तो सड़ता है. हमेशा सड़ता है. हम नया डालता है."

"क्यों डालते हैं?"

ते विचारात पडले. "बाप डालता था. हम भी डालता है."

मी हसले. वाईट हसले नाही, पण हसले. म्हटलं, "निताईदा, हमारे यहाँ काम वापस नहीं आता. ये प्लग आपके नाती के समय तक चलेगा."

"अच्छा," ते म्हणाले. "आप जानता है." आणि कांडी माझ्याच टेबलावर ठेवून गेले. मी तिला चिठ्ठी लावली, 'निताईदा' लिहिलं, आणि डब्यात टाकली.

सात महिने झाले. एका सकाळी सेल्वमची डुंगी दुसऱ्या बोटीनं ओढत आणली. तो धक्क्यापासून जवळच होता, कुणाला काही झालं नव्हतं. इंजिन तापून बंद पडलं होतं. सेल्वम वैतागला होता, "अक्का, पाणी भरतो तेवढं कुठे जातं कळत नाही," असं त्याच्या हिंदीत सांगत होता. बाजीरावांनी कूलर काढून बाकावर आणला आणि नळ्यांचा जुडगा बाहेर ओढला.

मी तो उजेडात धरला. नळ्या चाळणीसारख्या झाल्या होत्या. बोट लावलं तिथं तांबं तुटत होतं. झाकणाचं आतलं लोखंड ओल्या बिस्किटासारखं. गोडं पाणी या भोकांतून समुद्रात जात होतं आणि इंजिन कोरडं पडलं होतं. आणि त्या सगळ्या कुजक्यात माझा पितळी प्लग बसलेला होता. आटे जसेच्या तसे. पुसला तर सोन्यासारखा चमकला.

"हे सात म्हैन्यात?" बाजीराव हळू म्हणाले. "आपण उघडला तवा ह्या नळ्या नव्यासारख्या हुत्या की."

मी आत गेले आणि काढलेल्या भागांचा डबा आणला. सेल्वमची जुनी कांडी त्या नळ्यांशेजारी ठेवली. तेव्हा कांडी कुजलेली होती आणि नळ्या धड होत्या. आता कांडी नव्हती आणि नळ्या कुजल्या होत्या.

मी वर पाहिलं. आमच्या शेडचं छप्पर पत्र्याचं. जस्ती पत्रा. माझा जन्म जस्ती पत्र्याखाली गेला. घरात जस्ती बादली होती, तिच्यावरचं जस्त आधी जातं आणि मग लोखंड गंजतं, म्हणून आई बादली घासू द्यायची नाही. हे मला पाचवीत असताना माहीत होतं. खाऱ्या पाण्याला काहीतरी खायला लागतंच. जस्त समोर असलं की ते आधी जस्त खातं. ती कांडी खाल्ली जाण्यासाठीच तिथं होती. तेच तिचं काम. आणि मी तिला नादुरुस्त समजून काढून टाकलं होतं.

मी मनात मोजलं. आठ बोटी.

"अहो," मी म्हटलं, "वही."

वहीत आठही नावं तारखेनिशी होती. मी वही घेऊन धक्क्यावर धावले. पन्नाशीला आलेली बाई साडीवर धावताना त्या बेटानं पहिल्यांदा पाहिली असेल. सेल्वमची उघडलेली होतीच. उरलेल्या सातांपैकी सहा धक्क्याला बांधलेल्या होत्या. प्रत्येकाच्या मालकाला मी सांगितलं, इंजिन चालू करायचं नाही, का ते नंतर सांगते. त्यांनी ऐकलं. सातवं नाव निताईदांचं होतं आणि त्यांची जागा रिकामी होती.

धक्क्यावरच्या चहावाल्याला विचारलं. तो म्हणाला, "सुबह गया, दीदी. ग्यारह आदमी. उनकी बेटी भी है, मीरा, बच्चा लेके ससुराल जा रही है." मीरा बाळंतपणाला माहेरी आली होती. बाळ दीड महिन्याचं. बारशाचे पेढे आमच्या शेडमध्ये आले होते.

खाडीच्या मध्यावर मोबाईल चालत नाही. तिथं ओढ असते, भरती-ओहोटीचं पाणी बोटीला बाहेर मोकळ्या समुद्राकडे नेतं. इंजिन चालू असेल तर काही नाही. बंद पडलं तर सुकाणूला अर्थ नाही.

सेल्वमच्या मेहुण्याची मासे धरायची बोट तयार होती. तिचं इंजिन आमच्याकडे कधी आलंच नव्हतं. त्या सकाळी मला तेवढीच एक बोट भरवशाची वाटली.

"मी जातो," बाजीराव म्हणाले. "तू थांब. तुला पवायला येत न्हाय."

"प्लग कुणी कातला?"

"अगं, आता तसलं कशाला..."

"मी कातला. सरका."

पुढचा दीड तास मी वर्णन करणार नाही, कारण बराच वेळ मी बोटीच्या काठावर वाकून होते. रंकाळ्यात बोट हलते, पण काठ दिसत असतो. इथं एका वेळी असं झालं की मागचं बेट दिसेना आणि पुढचंही दिसेना. बाजीराव माझी पाठ धरून होते. दोन वेळा म्हणाले, "ते पोचलं असतील गं. गप बस." ते खोटं बोलत होते, आणि मला माहीत होतं.

सेल्वमच्या मेहुण्यानं हात वर केला. समोर एक डुंगी दिसत होती. चालत नव्हती. आडवी झाली होती आणि ओढीबरोबर सरकत होती. निताईदा वाकून बादलीनं समुद्राचं पाणी इंजिनावर ओतत होते आणि वाफ वर येत होती. अकरा माणसं एका बाजूला चिकटून बसली होती. कुणी ओरडत नव्हतं. मला सगळ्यात जास्त भीती त्या शांततेची वाटली. मीरानं बाळावर पदर घेतला होता आणि ओठ हलत होते तिचे.

दोर फेकला, तो दोनदा पाण्यात पडला, तिसऱ्यांदा निताईदांनी धरला. ओढत आणायला तीन तास लागले. त्या तीन तासांत निताईदा मला हात जोडून दाखवत होते. पुन्हा पुन्हा. दोन बोटींमधे वीस हात दोर, इकडे मी, तिकडे हात जोडलेले ते.

बाजीराव कानाशी म्हणाले, "समद्यांसमोर सांगू नगंस. मागनं घरी जाऊन सांगू. त्यो बी माणूस दमलाय."

मला ते पटलं होतं. खोटं कशाला बोलू, पूर्णपणे पटलं होतं. मी मनात यादीसुद्धा केली: आधी माणसं उतरवायची, बाळाला दूध, मग चहा, मग संध्याकाळी त्यांच्या घरी जाऊन सगळं नीट सांगायचं.

धक्क्यावर अर्धं गाव जमलं होतं. माणसं उतरली. बायकांनी मीराला धरून बसवलं. निताईदा सरळ माझ्याकडे आले, माझे दोन्ही हात धरले, आणि म्हणाले, "दीदी, आप नहीं आता तो..." मग त्यांनी मान वर करून, अगदी साधेपणानं विचारलं,

"लेकिन आपको कैसे पता चला?"

माझ्या यादीत हे उत्तर संध्याकाळी, त्यांच्या घरी द्यायचं होतं. सगळे ऐकत होते. बाजीरावांनी माझ्या कोपराला हात लावला. सेल्वमच्या बोटीतून काढलेला प्लग सकाळपासून माझ्या मुठीत होता, बोटं आखडली होती. मी मूठ उघडली.

"इसलिए," मी म्हटलं. आणि सांगितलं. कांडी कशासाठी असते, मी ती का काढली, सेल्वमच्या कूलरमध्ये काय दिसलं. माझ्या मोडक्या हिंदीत, सगळ्यांसमोर. बोलायला दोन मिनिटंही लागली नसतील.

निताईदांनी प्लग घेतला. उन्हात धरला. फार सुंदर दिसत होता तो. मग त्यांनी मीराकडे पाहिलं, तिच्या मांडीवरच्या बाळाकडे पाहिलं, आणि प्लग माझ्या हातात परत ठेवला.

"हम पूछा था, दीदी," ते म्हणाले.

आणि निघून गेले. ओरडले असते तर बरं झालं असतं. कोल्हापुरात माणूस ओरडतो, शिव्या देतो, मग तासाभरानं चहाला येतो. मला त्याची सवय आहे. याची नव्हती.

पुढचं काम भराभर केलं, कारण ते मला जमतं. त्याच दिवशी सहाही बोटींचे प्लग काढले. डब्यातल्या अर्ध्या कुजलेल्या कांड्यांवर नावं होतीच, ज्याची त्याला परत बसवली, नवं जस्त येईपर्यंत. काहीच नसण्यापेक्षा अर्धं बरं. कोल्हापुरात ओळखीच्या फाउंड्रीला फोन केला. पलीकडून उत्तर आलं, "जस्त? बोटीला? तुम्ही तिकडं इंजिनं दुरुस्त कराय गेलाय की बादल्या?" मी म्हटलं, "पाठवा आधी, मग हसा." ते आल्यावर बाजीरावांनी कढईत वितळवून कांड्या ओतल्या. आठही मालकांना नवे कूलर मी भरून दिले. निताईदांचा कूलर बाजीरावांनी त्यांच्या दारात जाऊन बसवला. ते उंबऱ्यावर बसून बघत होते. चहा दिला, बोलले नाहीत.

सात बोटी आमच्याकडे येत राहिल्या. सेल्वम तर दुसऱ्याच आठवड्यात आला, म्हणाला, "अक्का, तुम्ही सांगितलं म्हणून कळलं, नाहीतर मी पुन्हा तेच केलं असतं." निताईदांची बोट मात्र दुरुस्तीला मोठ्या बेटावर जायला लागली, अर्धा दिवस मोडून. वाटेत भेटलो तर ते मान हलवायचे. मी रोज सकाळी त्यांची डुंगी सुटताना शेडच्या दारात उभी राहायची आणि परत आल्याशिवाय मला लेथवर बारीक काम जमायचं नाही. बाजीराव म्हणायचे, "सुनंदा, परत कोल्हापुरला जाऊया काय?" मी एक यादी केली, जायचं आणि राहायचं. दोन्ही बाजू सारख्या भरल्या. शेवटी फाडून टाकली. माझ्या आयुष्यात फाडलेली ती एकच यादी.

सहा महिन्यांनी, एका सोमवारी, (आता आम्ही सोमवारी शेड उघडी ठेवतो) निताईदा दारात आले. बसा म्हटलं तर बसले नाहीत. शर्टाच्या खिशातून केळीच्या पानाची पुडी काढली आणि माझ्या टेबलावर उलगडली. आत जस्ताची कांडी होती. आम्ही बसवलेली, बाजीरावांनी कढईत ओतलेली. खड्डे पडलेली, पांढरी, बोटभर होती ती आता नखाएवढी उरली होती.

"खा गया," ते म्हणाले. "नया दीजिए."

मी नवी दिली. ती त्यांनी उजेडात धरून पाहिली, आटे बोटानं चाचपले, खिशात ठेवली. जाताना दारात थांबले.

"बाप को मालूम नहीं था काहे डालता है," ते म्हणाले. "हम बच्चा को बता दिया. मीरा का बच्चा को. छोटा है, समझता नहीं."

आता आम्ही पावसाचे महिने कोल्हापुरात काढतो, तिकडे तेव्हा बोटी बंद असतात. उद्यमनगरातली शेड विकली नव्हती. तिथं बसून मी वर्षभराच्या कांड्या ओतून घेते, आणि दसरा झाला की पेटी भरून परत जाते. यंदा खंडेनवमीला नेहमीप्रमाणे हत्यारं मांडली. पाटावर आबांचा कॅलिपर, चकची किल्ली, टूल, आणि त्यांच्या शेजारी निताईदांनी आणलेली ती नखाएवढी कांडी.

बाजीरावांनी झेंडूचं फूल ठेवताना हात थांबवला. "हे बी?"

"व्हय."

"आबा असतं तर उचलून भंगारात टाकलं असतं."

"मला ठावं हाय," मी म्हटलं आणि दोन्हीवर सारखंच कुंकू वाहिलं, कॅलिपरवर आणि कांडीवर. मग उठून परतीच्या पेटीची यादी काढली. पहिल्या क्रमांकावर लिहिलं: जस्त. दुसऱ्यावर: चटणी, चार डबे, त्यातला एक निताईदांना.